दरमहा दोनशे पौंड

लेस्टर, सोमवार, १२ सप्टेंबर २००५

नव्या जागेत येऊन सहा आठवडे झाले आणि आज कौन्सिलने आमची दखल घेतली. जाडजूड पाकीट, आत बारा पानांचा फॉर्म.

ऑर्चर्ड कोर्ट म्हणजे साठीच्या पुढच्या लोकांसाठी बांधलेले छत्तीस फ्लॅट. तळमजल्यावर जॅनेट नावाची वॉर्डन बसते. रोज सकाळी नऊला भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा आवाज येतो, "गुड मॉर्निंग, मिस्टर गायसस," आणि आपण अजून जिवंत आहोत हे तिला सांगावं लागतं. घैसास हे आडनाव तिला या जन्मी जमणार नाही. शिवाय प्रत्येक खोलीत छतापासून एक लाल दोरी लोंबते. पडलात तर ओढायची, मदत येते. भाडं वेगळं आणि या दोरीचे न् जॅनेटचे पैसे वेगळे, आठवड्याला सतरा पौंड चाळीस पेन्स. पत्रात लिहिलंय की ज्याची जेवढी ऐपत तेवढेच घेऊ. हाउसिंग बेनिफिट, म्हणजे भाड्याची सरकारी मदत, घेणाऱ्यांना सगळंच माफ. बाकीच्यांनी फॉर्म भरावा, ऑफिसर घरी येऊन मिळकत पाहील आणि किती घ्यायचे ते ठरवेल.

आम्ही बेनिफिट घेत नाही. या शहरातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं नोकरी केली, टॅक्स भरला, कोणापुढे हात पसरला नाही. श्यामला म्हणाली, टॅक्स भरला म्हणूनच तर मिळतं ना. बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

फॉर्मवर मातृभाषेचा रकाना होता. मोठ्या अक्षरांत मराठी लिहिलं. कळू दे त्यांनाही.

गुरुवार, २९ सप्टेंबर

लिहिलं ते अंगाशी आलं. मला वाटलं होतं कोणीतरी टाय लावलेला गोरा साहेब येईल, त्याला दोन कागद दाखवले की झालं. पण मातृभाषा मराठी म्हटल्यावर कौन्सिलने आपल्या ऑफिसातली एकुलती एक मराठी बोलणारी मुलगी हुडकून पाठवली. दार उघडतो तर पूर्वी. महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार शशी गुप्ते, त्याची मुलगी. हिला मी मंडळाच्या गणपतीत गाणं म्हणताना पाहिलंय, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता गळ्यात ओळखपत्र आणि हातात माझी फाइल.

बसल्या बसल्या म्हणाली, "काका, मी तुम्हाला फॅमिलीतून ओळखते, म्हणून मला आधी विचारायला लागतं. तुम्हाला दुसरी कोणी ऑफिसर पाहिजे का? ते टोटली ओके आहे."

दुसरी ऑफिसर मागायची म्हणजे काहीतरी लपवायचं आहे असं कबूल करण्यासारखंच. मी म्हटलं, छे, विचार काय विचारायचं ते.

पेन्शन झालं, बँकेचं पुस्तक झालं. मग तिने विचारलं की घरच्यांकडून काही रेग्युलर मदत मिळते का. स्वयंपाकघरात श्यामला भांडी विसळत होती, तिथला नळ एकदम बंद झाला. मी म्हणालो, "मिळते ना. पुष्कर पाठवतो. दरमहा दोनशे पौंड."

"बँकेत येतो तो पैसा?"

"कॅश. येतो तेव्हा हातात देतो."

पूर्वीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "नक्की ना काका? कारण मी लिहिलं की ते तुमचा इन्कम म्हणून काउंट होणार." नक्की, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, कधीतरी देतो की दर महिन्याला. दर महिन्याला, म्हटलं. मग म्हणाली की ती फाइल आठवडाभर उघडी ठेवेल, काही आठवलं तर फोन करा. मुलाने आईबापांना पैसे पाठवावेत यात आठवण्यासारखं काय आहे? मी सही केली. या मुलीला कामाचा आत्मविश्वास कमी दिसतो, एकच गोष्ट तीनतीनदा विचारते.

जाताना ती श्यामलाशी स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत होती. बहुधा चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारत असावी.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

इथे तरी खरं लिहितो. पुष्कर एक पेनीही पाठवत नाही.

लंडन रोडवर त्याने कॉम्प्युटरचं दुकान काढलं तेव्हा मी आमचं घर बँकेकडे गहाण टाकलं. सही माझी होती, डोक्यावर कोणी बंदूक ठेवली नव्हती. २००२ साली दुकान बुडालं, घर गेलं, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी आम्ही दुसऱ्याच्या माडीवर भाडेकरू झालो. तो सामान घेऊन निघाला तेव्हा मी म्हणालो होतो, पैसे परत करायला जमेल तेव्हाच फोन कर. त्याने माझा शब्द पाळला. तीन वर्षांत फोन नाही. लंडनजवळ इल्फर्डला कुठल्याशा गोदामात काम करतो असं श्यामलाला कुठून तरी कळलंय.

दोनशेची गोष्ट मी पहिल्यांदा एका लग्नात केली. कोणीतरी विचारलं, मुलगा बघतो ना तुमचं? तोंडातून निघून गेलं, बघतो की, दोनशे पाठवतो दरमहा. शंभर म्हटले असते तर कमी वाटले असते, पाचशे कोणाला पटले नसते. तेव्हापासून दोनशे. आता ते सगळ्या मंडळाला ठाऊक आहेत, आणि मी ते शशीच्या मुलीसमोर नाकारू शकत नव्हतो. ती घरी जाऊन बापाला सांगणार नाही कशावरून?  

सोमवार, १७ ऑक्टोबर

निकाल आला. आमची ऐपत पूर्ण आहे. आठवड्याला सतरा पौंड चाळीस पेन्स, सूट नाही, थेट बँकेतून कापणार. खालच्या तक्त्यात एक ओळ आहे: मुलाकडून मिळणारी मदत. छापील अक्षरात ती ओळ पाहून क्षणभर मलाच खरी वाटली. खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

मग उरलेला तक्ता वाचला. ती ओळ नसती तर हा आकार, म्हणजे दोरीचे न् जॅनेटचे पैसे, शून्य झाला असता.

रविवार, ३० ऑक्टोबर

मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. तिकिटाचे पैसे द्यायला गेलो तर शशी म्हणाला, यंदा सत्तरीच्या वरच्यांना तिकीट नाही, कमिटीने ठरवलंय. दारात ऐंशीचे परांजपे मात्र पाकीट काढून उभे होते. शशीच्या कमिटीत एकाचा मेळ दुसऱ्याला नसतो.

येताना मीनलने, म्हणजे शशीच्या बायकोने, चार डबे बरोबर दिले. भाजी, पुलाव, कोशिंबीर, करंज्या. जास्तीचं झालं म्हणाली. गणपतीतही तिचं जास्तीचंच झालं होतं. इतकी वर्षं संसार करून बाईला अंदाज येत नाही म्हणजे कमाल आहे.

पुष्करची चौकशी कोणी केली नाही. हल्ली कोणीच करत नाही. लोक आपापल्यात मग्न झालेत.

बुधवार, १६ नोव्हेंबर

थंडी वाढली. मी हिशेब बसवलाय. हीटर फक्त संध्याकाळी, बैठकीच्या खोलीत. भाजी गुरुवारी दुपारी आणायची, तेव्हा बेलग्रेव्ह रोडवरचे गुजराथी दुकानदार आठवड्याची उरलेली स्वस्त काढतात. पेपर लायब्ररीत वाचायचा. माणसाने ठरवलं तर जमतं.

श्यामलाचा देवधर्म मात्र वाढलाय. सोमवार होताच, आता गुरुवार आणि शनिवारही धरलाय, मध्ये चतुर्थी न् एकादशी. उपासाला म्हणजे कपभर दूध आणि अर्धं केळं. मी म्हटलं, अगं साखरेच्या गोळ्या घेतेस, उपास कसले करतेस. म्हणाली, "पूर्वीपासूनच करायचे होते, संसारात राहून गेलं. तुम्ही जेवा, पोळी गार होतेय." तिच्या वाटणीची पोळीही माझ्याच ताटात येते. म्हातारपणी माणूस देवाकडे वळतो म्हणतात. मी नाही वळलो.

बुधवारी दुपारी ती खाली जॅनेटच्या ऑफिसात विणकाम शिकायला जाते. आठ आठवडे झाले, अजून एक मोजा दिसलेला नाही. आज वर आली तेव्हा डोळे लाल होते. लोकर बाधत असावी.

सोमवार, २८ नोव्हेंबर

ठरवलं. ही सेवाच नको. नऊ वाजता कोणी हाक मारली नाही म्हणून आम्ही मरत नाही, आणि दोरी आजवर एकदाही ओढलेली नाही. चार आठवड्यांची लेखी नोटीस दिली की आकार बंद होतो, फ्लॅट तसाच राहतो. मुख्य म्हणजे कोणाला काही सांगायला लागत नाही.

श्यामलाला सांगितलं.  ती म्हणाली, "मी पडले तर?"

मी घरात असतो की चोवीस तास, म्हटलं. लायब्ररी सोडून. आणि भाजी. ती म्हणाली, "त्यांना खरं सांगितलंत तर एक पैसा पडणार नाही. अहो, दोन मिनिटांचं काम आहे." मी चिडलो. नको ते बोललो. घर कोणामुळे गेलं, कोणाचे लाड कोणी केले, सगळं काढलं. ती उठून आत गेली.

संध्याकाळी नोटिशीचं पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं. तिनेच येऊन मागितलं, म्हणाली उद्या देवळात जाताना पेटीत टाकते. तिचा राग कधी टिकत नाही, एवढं एक बरं आहे.

मंगळवार, २७ डिसेंबर

काल नोटिशीचे चार आठवडे भरले. आज हाक यायला नको होती. नऊच्या ठोक्याला आली. "गुड मॉर्निंग, मिस्टर गायसस." मी सौजन्य म्हणून उत्तर दिलं. ख्रिसमसच्या सुट्टीत ऑफिसात पत्र पडून राहिलं असणार. बँकेतून पैसेही कापलेत. सरकारी कारभार इथूनतिथून सारखा. जानेवारीत जाऊन भांडेन.

गुरुवार, ५ जानेवारी २००६

 लिहितो, नाहीतर नुसता बसून राहीन.

दुपारी दोनला भाजीला गेलो. मेथीच्या दोन जुड्या जास्त मिळाव्यात म्हणून तिथे चारपर्यंत थांबलो. परत आलो तर ऑर्चर्ड कोर्टच्या दारात अँब्युलन्स. दुसऱ्या कोणाची तरी, असं मला वाटलं. नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी असू दे असं मी मनात म्हणालो. मग स्ट्रेचरवर तिची जांभळी शाल दिसली.

बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली होती. पडता पडता दोरीला हात लागला आणि ओढली गेली. जॅनेट दोन मिनिटांत पोचली, तिनेच तोंडात साखरेचं पाणी घातलं, तिनेच फोन केला. ऑफिसचा ढिसाळपणा म्हणून दोरी अजून चालू होती. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या आळशीपणाचे आभार मानले. जॅनेटला तसं म्हणालो की नशीब, माझी नोटीस तुमच्याकडे पोचली नाही. ती म्हणाली की पत्रं रोज तीच उघडते, कुठलीच नोटीस आलेली नाही.

अँब्युलन्सवाल्याने आकडा सांगितला. रक्तातली साखर एक पूर्णांक नऊ. इथल्या मापात चारच्या खाली गेली की धोका.

शुक्रवार, ६ जानेवारी

माझंच हॉस्पिटल. लॅब आता नव्या इमारतीत गेली, ओळखीचं कोणी नाही. श्यामला शुद्धीवर आहे, खुब्याला मुका मार, मनगट मोडलंय. सलाईनमधून साखर चालू आहे. गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत ठेवून घेणार.

आहाराची बाई वही घेऊन आली. काल पेशंटने काय खाल्लं? मी सांगितलं, काल गुरुवार, उपास. परवा? बुधवार, जेवली. म्हणजे वरण, थोडा भात. मंगळवारी? मंगळवारी एकादशी होती, तिने तसं सांगितलं होतं. सोमवार उपास. रविवारी पोट बरं नव्हतं. बाई लिहीत होती आणि मी बोलता बोलता थांबलो. मंगळवारी एकादशी नव्हतीच. कालनिर्णय स्वयंपाकघरातच टांगलेलं आहे, मी कधी मान वर करून पाहिलं नाही.

ती देवासाठी उपास करत नव्हती. दर आठवड्याचे सतरा पौंड चाळीस पेन्स ती आपल्या ताटातून काढत होती. आणि मी समोर बसून तिच्या वाटणीची पोळी खात होतो.

एकतीस वर्षं मी लोकांच्या रक्तातली साखर मोजली. दिवसाला दोनशे नमुने. आकडा घसरलेला दिसला की वॉर्डला फोन करायचो, पेशंटला आधी खायला घाला म्हणून. इतकी लाज मला घर गेलं तेव्हाही वाटली नव्हती.

सोमवार, ९ जानेवारी

सकाळी कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. रांगेत उभं राहून तीन वेळा परत फिरलो, चौथ्यांदा खिडकीशी पोचलो. पूर्वी बाहेर आली आणि मला एका छोट्या खोलीत घेऊन गेली. श्यामलाचं तिला आधीच कळलं होतं. मी म्हणालो की त्या दोनशेंच्या बाबतीत थोडी गडबड झाली आहे, ते काढून टाकायचे आहेत.

ती अजिबात दचकली नाही. पण म्हणाली की मी सही करून दिलंय, आता नुसतं तोंडी बदलता येणार नाही, पुरावा लागेल. "काका, पुष्करदादाचा लेटर पाहिजे. साइन केलेला. की तो तुम्हाला काही देत नाही."

मी विचारलं, दुसरं काही चालणार नाही का. शपथपत्र, बँकेची पानं, काहीही. ती म्हणाली, "कॅश देतो असं तुम्हीच सांगितलं ना, मग बँकेच्या पानांत कसं दिसणार? सॉरी काका. मी खूप विचार केला ह्याच्यावर."

डॉक्टर गुरुवारपर्यंत घरी सोडतो म्हणतात, पण एका हाताच्या बाईला दोरी आणि जॅनेट असल्याशिवाय सोडणार नाहीत. तशी अटच लिहिली आहे. आणि आकार असाच चालू राहिला तर घरी आल्यावर ती पुन्हा उपास धरेल, मी तिला ओळखतो. गेल्या तीन महिन्यांत ओळखलं नाही ते सोडा.

मंगळवार, १० जानेवारी

दुपारी हॉस्पिटलात श्यामलाला विचारलं, पुष्करचा नंबर कसा मिळेल. तिने डोळे मिटूनच अकरा आकडे सांगितले. मी कागदावर लिहून घेतले. बुधवारचं विणकाम कसलं होतं ते तेव्हा उमगलं.

सहा वाजता घरून लावला. तीन वर्षांनी आवाज ऐकला, जरा घोगरा झालाय. मला वाटलं तो आधी आईचं विचारेल. त्याला सगळं माहीत होतं. रविवारी तो इथे येऊन तिला वॉर्डात भेटूनही गेला होता, मी जेवायला घरी आलो होतो तेवढ्या वेळात.

मी सरळ मुद्द्यावर आलो. कौन्सिलला मी असं असं सांगितलं आहे. 

"बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत मी देतो म्हणून?"

"हो."

"मग देतो ना मी. खरंच देतो. ओव्हरटाइम आहे. एक तारखेपासून दोनशे."

ते शब्द ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो. हो म्हणालो असतो तर सगळंच खरं झालं असतं, शशीपुढे, मंडळापुढे, त्या तक्त्यातसुद्धा. पण त्यातून आकार तसाच राहिला असता, आणि याने तिकडे कोणत्या ताटातून काढून पाठवले असते कोण जाणे. या घरात एका माणसाने उपाशी राहिलेलं पुरे झालं.

मी म्हणालो, "पैसे नकोत. तू देत नाहीस, असं लिहून हवंय."

तो रडला की काय ते कळलं नाही. म्हणाला, पत्ता सांगा. ऑफिसचा पत्ता दिला, मग म्हटलं आधी इथे पाठव, मी नेऊन देतो. ठेवताना म्हणाला, "बाबा, मी तुम्ही म्हणालात म्हणून फोन करत नव्हतो." मी म्हणालो, माहीत आहे.

शनिवार, १४ जानेवारी

पत्र आलं. हाताने लिहिलंय, इंग्रजीत. मराठीत उतरवून ठेवतो.

"मी पुष्कर घैसास असे लिहून देतो की मी माझ्या आईवडिलांना दरमहा किंवा अन्य प्रकारे कोणतीही रक्कम देत नाही आणि यापूर्वीही दिलेली नाही. माझ्या धंद्यासाठी त्यांनी आपले घर गहाण टाकले व ते गमावले. ती रक्कम मी अद्याप परत केलेली नाही."

पहिलं वाक्य कौन्सिलने मागितलं होतं. पुढची दोन कोणीच मागितली नव्हती. पाचव्यांदा वाचून कपाटात ठेवलं. मग पुन्हा काढलं. हे शशीच्या मुलीच्या हातात द्यायचं आहे. नुसतं पहिलं वाक्य पुन्हा लिहून पाठव असं त्याला सांगावं का, हा विचार आला. आला म्हणून लिहितो. फोनला हातही लावला होता.

गुरुवार, १९ जानेवारी

श्यामला सकाळी घरी आली. डाव्या हाताला प्लास्टर. मी पिठलं-भात केला, गुठळ्या झाल्या, तिने सगळा खाल्ला. मी समोर बसून मोजत होतो ते तिला कळलं असावं.

तीनला पूर्वी आली. मी पाकीट दिलं. ती वाचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पत्र वाचून तिने ते फाइलला टाचलं आणि नवा कागद काढला. माहिती का बदलली त्याचं कारण लिहावं लागतं म्हणाली. 

"काका, मी असं लिहू शकते की सर्कमस्टन्सेस चेंज झाले. म्हणजे आधी तो देत होता, आता बंद केलं. कोणी जास्त विचारणार नाही. फक्त मागचे पैसे परत मिळणार नाहीत, आणि लेटरमध्ये आधीही दिलं नाही असं आहे, ते मी सांभाळून घेईन वरती."

पोरगी भली आहे. माझी लाज झाकण्यासाठी ती स्वतःची नोकरी पणाला लावायला निघाली होती. आणि वाट सोपी होती. देत होता, बंद केलं. मुलं अशी करतातच, मंडळातही कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं. सगळे त्यालाच बोलले असते.

श्यामला सोफ्यावर मान खाली घालून बसली होती. उजव्या हाताने प्लास्टरची कड खरवडत होती.

मी म्हणालो, "तो कधीच देत नव्हता. मी खोटं सांगितलं. असंच लिही."

"असंच?"

"असंच. आणि खोटं मी सांगितलं, त्याने नाही, हे नीट लिही."

तिने लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली. आकार शून्य, पहिल्या दिवसापासून, मागचे पैसेही परत येतील म्हणाली. हाउसिंग बेनिफिटचा फॉर्म तिने न विचारताच टेबलावर ठेवला आणि मीही तो परत केला नाही.

मग एकच रकाना उरला. पेशंट घरी आली की जॅनेटच्या ऑफिसला नवी नोंद लागते, दोरी ओढली गेली आणि घरात कोणी नसलं तर कोणाला कळवायचं. पूर्वी म्हणाली, "बाबांचं नाव घालू? ते जवळच राहतात."

मी म्हणालो, "शशीचं दुसरं घाल. पहिलं पुष्करचं. मुलगा."

श्यामलाने मान वर केली. पूर्वीने नंबर विचारला, आणि तो श्यामलाने सांगायच्या आत मी सांगितला.